गळ्यातलं फुलपाखरू आणि साखरेची गोळी

बालदोस्तांनो, आज आधी एक कोडं घालते. पंख आहेत पण उडत नाही, गळ्यात आहे पण दागिना नाही, वजन जेमतेम १५-२० ग्रॅम, पण साऱ्या शरीराचा वेग त्याच्या हातात! ओळखा पाहू.

हरलात? ती आहे थायरॉइड ग्रंथी. पुस्तकातलं नाव अवटू ग्रंथी. कंठमण्याच्या जरा खाली, श्वासनलिकेला बिलगून ती बसलेली असते, आणि दिसते अगदी पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी. मिठातून नि मासळीतून मिळणारं आयोडीन घेऊन ती थायरॉक्सिन नावाचं संप्रेरक बनवते. ते कमी पडलं की शरीर रेंगाळायला लागतं. सारखा थकवा, जरा वारा आला की थंडी, अंग जड, पोट साफ नाही. मग डॉक्टर थायरॉक्सिनची गोळी देतात. तुमच्यापैकी कुणाकुणाच्या घरी आजी किंवा आई ती सकाळी उठल्याउठल्या, चहाच्याही आधी घेत असेल.

आता गंमत ऐका. थायरॉइड स्वतःच्या मनाने काम करत नाही. तिचे मुख्याध्यापक बसलेत मेंदूच्या तळाशी. त्यांचं नाव पियुषिका ग्रंथी, आकार वाटाण्याएवढा. शाळेत शिपाईकाका वर्गावर चिठ्ठी आणतात ना, तशा हे मुख्याध्यापक रक्तातून थायरॉइडला चिठ्ठ्या धाडतात. या चिठ्ठीचं नाव टीएसएच. काम मंद झालं की चिठ्ठ्या वाढतात, "चला, आवरा लवकर!" काम पुरेसं झालं की चिठ्ठ्या कमी. म्हणजे हिशेब उलटा! टीएसएच जास्त, तर थायरॉइड बहुधा सुस्त. टीएसएच फार कमी, तर थायरॉक्सिन बहुधा जास्त. रक्त तपासून डॉक्टर आधी या चिठ्ठ्याच मोजतात. थायरॉक्सिनची गोळी वाढवायची की कमी करायची, हे बरंचसं त्यावरून ठरतं.

आता दुसऱ्या गोळीकडे वळू. तिचं नाव मेटफॉर्मिन. मधुमेहाच्या बहुतेक रुग्णांना पहिली गोळी हीच मिळते. तिचं मूळ सापडतं युरोपातल्या गॅलेगा नावाच्या फुलझाडात. या झाडात रक्तातली साखर उतरवणारा एक पदार्थ होता, पण तो विषारी निघाला. त्याच्याच गोतावळ्यातलं मेटफॉर्मिन १९२२ साली प्रयोगशाळेत तयार झालं. पुढे १९५७ साली पॅरिसमध्ये डॉ. जाँ स्टर्न यांनी ते मधुमेहाच्या रुग्णांवर वापरल्याचं जाहीर केलं. औषधाचं नाव ठेवलं 'ग्लुकोफाज', म्हणजे साखर खाणारा! खरं तर ते साखर खात नाही हं. आपलं यकृत रक्तात साखर सोडत असतं, त्याला ते आवर घालतं.

साखरेची गोळी वेगळी, गळ्यातलं फुलपाखरू वेगळं. दोघांचा काय संबंध? डॉक्टरांनाही बरीच वर्षं असंच वाटत होतं. पण २००६ साली अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी चार रुग्णांची हकीगत छापली. चौघांनाही थायरॉइडचा जुना त्रास, थायरॉक्सिनची गोळी ठरलेली. मेटफॉर्मिन सुरू झालं आणि त्यांचं टीएसएच एकदम खाली आलं! थायरॉक्सिन जास्त झाल्यावर छाती धडधडते, हात थरथरतात. तसं मात्र काहीच नव्हतं.

मग इतरांनीही तपासून पाहिलं. कॅनडातल्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या हजारो रुग्णांच्या नोंदी चाळून २०१४ साली निष्कर्ष मांडला. थायरॉइडचा उपचार चालू असलेल्यांमध्ये, मधुमेहाची दुसऱ्या जातीची गोळी घेणाऱ्यांपेक्षा मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत टीएसएच कमी निघण्याची शक्यता सुमारे ५५ टक्के जास्त होती. ज्यांची थायरॉइड ठणठणीत, त्यांच्यात असा फरक दिसला नाही. म्हणजे काय झालं? चिठ्ठ्या कमी झाल्या, पण वर्गातलं काम होतं तेवढंच राहिलं. हे नेमकं कसं घडतं, ते शास्त्रज्ञ अजून शोधताहेत.

"बाई, मग आम्हाला काय त्याचं?" असं म्हणाल. सांगते. रिपोर्ट इंग्रजीत असतो. आजीला तो वाचून दाखवायचं काम बरेचदा तुमच्याकडेच येतं. आकड्यापुढे 'लो' दिसलं की तुम्ही सांगणार, "आजी, थायरॉइडची गोळी जास्त होतेय!" आणि आजी उद्यापासून अर्धीच घेणार. शरीरातलं थायरॉक्सिन मुळात पुरेसंच असेल, तर आता ते खरोखरच कमी पडेल. महिन्या-दोन महिन्यांत आजी पुन्हा थकलेली, शाल पांघरून कोपऱ्यात बसलेली!

उलट, 'लो'कडे दुर्लक्ष करणंही बरं नाही. कधीकधी गोळी खरंच जास्त झालेली असते, आणि त्याचा ताण हृदयावर नि हाडांवर येतो. खरं काय ते डॉक्टरच ठरवू शकतात. ते थायरॉक्सिनही मोजून बघतात, छाती-नाडी तपासतात. पण त्यासाठी त्यांना दोन्ही गोळ्या माहीत हव्यात ना? साखरेचा दवाखाना एक, थायरॉइडचा दुसरा असला, तर एकाची चिठ्ठी दुसऱ्याला ठाऊक नसते. आणि मेटफॉर्मिन वाईट आहे असं मुळीच समजू नका. ते बंद केलं तर साखर वाढेल, म्हणजे दुसरंच दुखणं.

तर या आठवड्याचा उद्योग असा. वहीचं एक पान घ्या. मोठ्या माणसांना शेजारी बसवून, घरात जी कुणी रोज औषधं घेतात त्यांच्या सगळ्या गोळ्यांची नावं त्यावर लिहा. किती मिलिग्रॅम, केव्हा घ्यायची, केव्हापासून सुरू, तेही लिहा. गोळ्या मोठ्यांनाच हाताळू द्या, तुम्ही फक्त लेखनिक! पान घडी करून रिपोर्टच्या फाइलीत ठेवा आणि दवाखान्यात जाताना, "आजी, कागद घेतलास ना?" एवढं विचारा.

आकडा वाचता येणं ही हुशारी आहेच. पण त्याच्यामागे काय काय दडलंय हे विचारणं, ही त्याहून मोठी हुशारी. काय, पटतंय ना?