मुखत्यार म्हणजे निवडलेला, धनी नव्हे



"कुलमुखत्यारपत्र" हा शब्द हल्लीं गांवोगांवीं फार कानीं पडतो. मुलगा मुंबईस, म्हातारा गांवीं. कचेरीचे हेलपाटे कोणीं घालावे? मग ओळखीचा दलाल कागद पुढें करतो आणि अंगठा उठतो. शब्दाचा अर्थ कोणी विचारीत नाहीं.

पुष्कळांस वाटतें कीं, मुखत्यार म्हणजे आपल्या मुखानें बोलणारा. मुखाचा येथें कांहीं संबंध नाहीं. मूळ शब्द अरबी "मुख्तार", म्हणजे निवडलेला. फारशी दफ्तराच्या वाटेनें तो मराठींत आला. आपला "अखत्यार" त्याच धातूचा. अरबींत "इख्तियार" म्हणजे निवड, मर्जी. मर्जी ज्याची, अधिकार त्याचा. आतां गंमत पाहा: निवडणारे तुम्ही, निवडलेला तो; पण कागद होतांच गांव त्यालाच धनी समजतो!

"कुल" हेंही आपलें कुळ नव्हे. अरबी "कुल्ल" म्हणजे सगळें; जुन्या सनदांतील "कुलबाब कुलकानू" मधलें तेंच. म्हणून कुलमुखत्यारास विक्री, गहाण, दावा असे सगळे अधिकार एका कागदानें देतां येतात. एकाच कामापुरतें खास मुखत्यारपत्र करतां येतें, आणि आमच्या मतें शेतकऱ्यास बहुधा तेंच पुरे. एका दाव्याच्या तारखांसाठीं सगळें शेत दुसऱ्याच्या हातीं कशाला? (शाळेंत मी हे दोन शब्द फळ्यावर लिहितों व घरीं सांगा म्हणतों.)

१८७२ चा करार कायदा शब्दाच्या मूळ अर्थासच धरून आहे. नेमणाऱ्यास मुखत्यारी रद्द करतां येते. त्याच्या मृत्यूनें ती संपते. पण कलम २०२ मध्यें मेख आहे. "माझी जमीन विकून तुझें कर्ज वळतें करून घे" अशी मुखत्यारी कर्जदारानें सावकारास दिली, तर ती रद्द होत नाहीं. कर्जदार मेला तरी चालू राहते. हें उदाहरण खुद्द कायद्यांतच छापलेलें आहे. तेव्हां ज्याचें देणें आहे त्यालाच मुखत्यार नेमूं नका.

घेणाऱ्यानेंही सावध असावें. नुसत्या मुखत्यारपत्रानें जमिनीची मालकी बदलत नाहीं, नोंदलेलें खरेदीखतच लागतें, असें सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं स्पष्ट केलें आहे.

आणि रद्द करणें म्हणजे घरीं बसून कागद फाडणें नव्हे. रद्द केल्याची खबर मुखत्यारास व त्याच्याशीं व्यवहार करणाऱ्यास लागेपर्यंत त्यानें केलेलें काम तुमच्या गळ्यांत पडूं शकतें. लेखी नोटीस द्या, आणि पोंच ट्रंकेंत जपून ठेवा.