सिल्लेवाड्याचे दहा जण आणि पहिला तास

प्रति,
मा. अध्यक्ष तथा व्यवस्थापकीय संचालक,
वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड, कोल इस्टेट, सिव्हिल लाइन्स, नागपूर



27 डिसेंबर 1975 रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी घुसले आणि 375 कामगार गेले. ती दुर्घटना देशाच्या लक्षात राहिली, तिच्यावरून ‘काला पत्थर’ हा चित्रपट निघाला. त्याआधी सव्वा महिना, 18 नोव्हेंबरला, आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या सिल्लेवाडा खाणीत असेच पाणी शिरले होते आणि 10 जण मरण पावले होते. कोल इंडिया स्थापन होऊन तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. चासनालाच्या आकड्यापुढे हे दहा जण झाकले गेले. त्याही आधी, 10 डिसेंबर 1954 रोजी, परासियाजवळच्या न्यूटन चिखली खाणीत पाण्यानेच 63 जणांचा बळी घेतला. तो पेंच पट्टा आज वेस्टर्न कोलफील्ड्सच्याच (वेकोलिच्याच) अखत्यारीत आहे.

साहेब, नागपुरात वेकोलिचे रेस्क्यू स्टेशन आहे. तिथले जवान पाठीवर प्राणवायूचे यंत्र बांधून, जिथून बाकीचे धावत बाहेर येतात तिथे आत शिरतात. त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण फोन वाजून ते कोळसा काढण्याच्या जागेपर्यंत (फेसपर्यंत) पोचेतोवर जो वेळ जातो, त्यात खाली असलेला माणूस एकटाच असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि पाणी चढते तेव्हा वाट शोधायला मिनिटेच हाताशी असतात. त्या वेळात काय करायचे, हे शेवटच्या कंत्राटी कामगाराला डोळे मिटूनही करता आले पाहिजे. माझे सगळे म्हणणे या पहिल्या तासाबद्दल आहे.

म्हणून पहिली विनंती अशी की मॉक ड्रिल तारीख जाहीर करून, सकाळच्या पाळीत, पाहुण्यांसमोर नको. रात्रपाळीत, न सांगता व्हावी. धूर भरलेल्या अंधारात, फक्त टोपीवरच्या बत्तीच्या उजेडात, कमरेचा सेल्फ रेस्क्यूअर (विषारी वायूपासून वाचवणारे श्वसनयंत्र) काढून तोंडाला लावून दुसऱ्या वाटेने बाहेर येणे प्रत्येकाने प्रत्यक्ष करावे. त्याचा कारखान्यातून आलेला डबा नुसता हातात धरून दाखवला की प्रशिक्षण झाले, असे समजू नये. सूचनाही त्या पाळीत बोलल्या जाणाऱ्या भाषांत हव्यात. विदर्भाच्या खाणींत मराठीसोबत हिंदी, छत्तीसगढी, तेलुगूही बोलली जाते.

दुसरी गोष्ट नकाशांची. पाणी भरलेल्या जुन्या कामांच्या 60 मीटरच्या आत परवानगीशिवाय काम करू नये आणि पुढे भोके पाडून चाचपत जावे, हे नियम सांगतो. पण जुन्या मालकांच्या काळातला नकाशाच चुकीचा असेल तर ते 60 मीटर कुठून मोजायचे? कामठी, सावनेर, पेंच, कन्हान या जुन्या पट्ट्यांचे नकाशे नव्याने पडताळून खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे द्यावेत. बचावाचे अर्धे काम इथेच, अपघाताच्या आधी होते.

खुल्या खाणींनाही विसरू नये. आज बहुतेक कोळसा तिथूनच निघतो, पण बचाव म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर भूमिगत खाणच येते. 24 जून 2000 रोजी वेकोलिच्याच कावडी खुल्या खाणीत कडा ढासळून 10 जण गाडले गेले. 2016 च्या डिसेंबरात झारखंडच्या लालमटिया खाणीत 23 जण गेले. अशा ठिकाणी श्वसनयंत्रापेक्षा उत्खनक, प्रकाशझोत आणि ढिगाऱ्यावर कोणी चढायचे नाही हे ठरवणारा एक अधिकारी लागतो.

आता साधनांबद्दल. नोव्हेंबर 1989 मध्ये राणीगंजच्या महाबीर खाणीतून अभियंते जसवंतसिंग गिल यांनी 65 जणांना लोखंडी कॅप्सूलमधून वर काढले. ती कॅप्सूल ऐन वेळी बनवावी लागली होती. गिल यांच्या धाडसाला सलाम, पण पुढच्या वेळी ती तयार असायला नको का? जानेवारी 2025 मध्ये आसामच्या उमरांगसोतील खाणीत पाणी भरले, तेव्हा मोठा पंप नागपूरहून विमानाने मागवला गेला. ते नऊही कामगार वाचले नाहीत. हजारो किलोमीटरवरच्या खाणीसाठी नागपूरकडे पाहिले जाते, याचा मला अभिमान वाटतो. मग आपल्याच बैतूल, वणी, चंद्रपूरच्या खाणींपर्यंत तोच पंप किंवा ड्रिल मशीन किती वेळात पोचेल, हे लिहून ठेवलेले असावे.

6 मार्च 2025 रोजी बैतूल जिल्ह्यातल्या छतरपूर-1 खाणीत छत कोसळून तिघे गेले. त्यांच्या घरच्यांना आणि त्या खाणीत रोज उतरणाऱ्यांना त्या दिवसाचा मिनिटामिनिटाचा हिशेब कळायला हवा.

शेवटची मागणी: प्रत्येक भूमिगत खाणीच्या हाजिरीघराबाहेर एक फलक लावा: रेस्क्यू पथकाला कळवल्यापासून ते या खाणीत उतरेपर्यंत लागणारा वेळ, आणि तो शेवटचा मोजून पाहिला ती तारीख. सुरुवात सिल्लेवाड्यापासून करावी, ही विनंती.

आपला,
एक नागपूरकर