कॅमेऱ्याचं वय सांगायला कंपन्यांचं काय जातं?

कॅमेऱ्याला आपलं वय नेमकं माहीत असतं. दर क्लिकला शटर एकदा उघडतं, मिटतं आणि आतल्या मेमरीतला एक आकडा एकाने वाढतो. याला शटर काउंट म्हणतात. जुन्या गाडीचा सौदा करताना आपण आधी डॅशबोर्डवरचे किलोमीटर बघतो, तसा जुना कॅमेरा घेताना हा आकडा बघायचा असतो. फरक एवढाच की गाडीचा मीटर चालवणाऱ्याच्या नाकासमोर असतो, आणि बहुतेक कॅमेऱ्यांचा मीटर मालकापासून लपवलेला असतो.

‘लपवलेला’ हा शब्द मी जपून वापरतो आहे. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आधीच साठवून ठेवलेला एक पूर्णांक मेनूतल्या एका ओळीत दाखवायला किती काम लागतं, ते मला ठाऊक आहे. चहाच्या दोन फेऱ्यांत होईल एवढं. जो कॅमेरा हलत्या पक्ष्याचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरतो, त्याला हे जमत नाही यावर कोणी विश्वास ठेवू नये.

आता कंपन्या करतात काय ते बघा. निकॉन आणि पेंटॅक्स हा आकडा फोटोच्या फाइलमध्ये, एक्झिफमधल्या ‘मेकर नोट्स’ नावाच्या खासगी कप्प्यात लिहितात. तो कप्पा सामान्य माणसाला वाचता येतो तो फिल हार्वी या गृहस्थाने २००३ पासून फुकट उपलब्ध करून दिलेल्या एक्झिफटूलसारख्या सॉफ्टवेअरमुळे. लायकाच्या एम-९ मध्ये ठरावीक बटणं ठरावीक क्रमाने दाबली की एक छुपा मेनू उघडतो आणि त्यात आकडा सापडतो. जणू अलिबाबाची गुहाच. कॅननच्या बहुतेक मॉडेलांत तो फोटोच्या फाइलमध्ये नसतो. केबल लावून, तिऱ्हाइताने लिहिलेलं सॉफ्टवेअर चालवून काही मॉडेलांतून तो काढता येतो, काहींतून नाही. पण याच कॅननच्या सगळ्यात महागड्या घराण्यातल्या १डी एक्समध्ये मात्र तो थेट मेनूत दिसतो. म्हणजे दाखवता येतो. फक्त तो बघण्याची ऐपत असावी लागते.

याची किंमत कोण मोजतं? अंधेरी पश्चिमेला वीरा देसाई रोडच्या आसपास कॅमेरे, लेन्सा, दिवे भाड्याने देणारी दुकानं आहेत. तिथे कॅमेरा हे कमाईचं अवजार असतं. रोज वेगळ्या हातात जातं आणि काही वर्षांनी विक्रीला निघतं. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांचंही तेच. एका लग्नात ३,००० क्लिक धरा आणि वर्षाला ४० लग्नं. १,२०,००० झाले. कॅननने ५डी मार्क-४ चं शटर १,५०,००० क्लिकसाठी आणि निकॉनने डी-८५० चं २,००,००० क्लिकसाठी तपासल्याचं सांगितलं आहे. म्हणजे दीड वर्षाचा, बाहेरून चकाचक दिसणारा कॅमेरा आतून उताराला लागलेला असू शकतो. उलट बोरिवलीच्या एखाद्या हौशी काकांनी आठ वर्षं कपाटात जपलेला कॅमेरा जेमतेम १०,००० वर असेल. दोन्हींची जाहिरात एकाच शब्दांत येते: ‘घरगुती वापर, कंडिशन मस्त.’

विकणारा खोटारडाच असतो असंही नाही. मी मागच्या वर्षी घाटकोपर स्टेशनबाहेरच्या उडप्याकडे बसून एक जुना फुल-फ्रेम बघितला. आणणारे दादा मुलुंडचे, चाळिशीतले, सज्जन. व्हॉट्सॲपवर त्यांनी नमुन्याचे फोटो आधीच पाठवले होते, पण व्हॉट्सॲप फोटोतली ही सगळी माहिती पुसून टाकतं. म्हणून मी लॅपटॉप नेला होता. “पंधरा-वीस हजार क्लिक झाले असतील बघ, जास्त नाही,” दादा म्हणाले. मी कार्ड घालून भिंतीचा एक फोटो काढला आणि फाइल उघडली. आकडा १,३१,००० च्या पुढे होता. दादांचा चेहरा उतरला. त्यांनीही तो दुसऱ्याकडूनच घेतला होता आणि त्यांचे स्वतःचे क्लिक खरोखरच पंधरा-वीस हजार होते. ते खरं बोलत होते आणि तरीही आकडा चुकीचा होता. माहितीच नसेल तर प्रामाणिकपणा काय कामाचा?

भाव उतरला आणि कॅमेरा मी घेतला, कारण बाकी सगळं ठीक होतं. लेन्सवर झाकण लावून लांब एक्सपोजर दिलं, तेव्हा जळके पिक्सेल दिसले नाहीत. एफ-१६ वर कोऱ्या आकाशाचा फोटो काढला, तेव्हा सेन्सरवर ब्लोअरने उडेल एवढीच धूळ निघाली. दोन्ही कार्ड-स्लॉट चालले, ग्रिपचं रबर सुटलेलं नव्हतं, लेन्सला आपल्या पावसाळ्यातली बुरशी धरलेली नव्हती. मग एका रविवारी भांडुप पंपिंग स्टेशनला जाऊन खाडीवरचे फ्लेमिंगो टिपले. फोटो उत्तम आले. पंखांतली गुलाबी छटा, ओल्या चिखलावरची चमक, सगळं जागच्या जागी. इतक्या वर्षांपूर्वीचा सेन्सर आजही माझ्या गरजेपेक्षा वरचढ आहे.

खरी मेख इथेच आहे असं मला वाटतं. २०१० साली जगभरात सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२० मध्ये एक कोटीसुद्धा नाही. साधे कॅमेरे मोबाइलने गिळले. उरलेल्या महाग कॅमेऱ्यांना मोठा स्पर्धक आहे तो त्यांचाच जुना, धडधाकट भाऊ. त्या भावाचं वय उघड झालं तर लोक त्याला बिनधास्त घरी नेतील. धाकधूक ठेवली तर निम्मे लोक ‘नकोच ती कटकट’ म्हणून हप्त्यावर नवा घेतील. कंपन्यांनी बैठक घेऊन असं ठरवलं, असा माझा आरोप नाही. पण न दाखवण्याने त्यांचं काही बिघडत नाही आणि दाखवण्याने त्यांना काही मिळत नाही, हे एवढं कारण पुरेसं आहे.

यावर ठरलेले आक्षेप येतात. पहिला: आकडा म्हणजे सगळं नव्हे, कमी क्लिकचा कॅमेराही पडलेला, भिजलेला असू शकतो. कबूल. पण किलोमीटरवरूनही अपघात कळत नाही, म्हणून कोणी गाडीचा मीटर काढून टाका म्हणत नाही. दुसरा: लोक आकड्यात फेरफार करतील. करतील काही जण. आज मात्र फेरफार करायचीही गरज नाही, तोंडाने ‘वीस हजार’ म्हटलं की झालं. तिसरा जरा वजनदार आहे: २०२१ च्या निकॉन झेड-९ मध्ये यांत्रिक शटरच नाही, मग पुढे हा आकडा मोजायचा कशाला? मग चालू तासांचा हिशेब दाखवा. हार्ड डिस्क किती तास चालली हे गेली कित्येक वर्षं कोणीही फुकट सॉफ्टवेअरने बघू शकतो. लॅमिंग्टन रोडवर जुनी डिस्क घेणारा पोरगाही ते बघून घेतो. शिवाय २०२० नंतर कॅनन वा निकॉनने एकही नवा डीएसएलआर आणलेला नाही. जे आहेत ते पुढची दहा वर्षं हातोहात फिरणार आहेत. प्रश्न त्यांचा आहे.

आवाज उठवला की आकडे दिसायला लागतात, हे आपण पाहिलेलं आहे. जुन्या बॅटरीचे आयफोन मुद्दाम मंद केले जातात हे २०१७ च्या डिसेंबरात उघड झालं, जगभर बोंब झाली आणि २०१८ च्या मार्चमध्ये बॅटरीची तब्येत सेटिंगमध्ये दिसू लागली. आपल्याकडे मे २०२३ पासून ‘संचार साथी’ पोर्टलवर जुन्या मोबाइलचा आयएमईआय क्रमांक तपासता येतो. कॅमेऱ्याच्या सिरियल नंबरसाठी अशी सोय नाही. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. पण समोरचा कॅमेरा चोरीचा नाही ना, हे जाणून घ्यायचा मार्ग मात्र बिलाच्या झेरॉक्सपलीकडे जात नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. वाहनं आणि मोबाइल त्यात आहेत. वस्तूने आपला इतिहास मालकाला सांगणं हाही त्याच हक्काचा भाग मानायला हवा.

हा लाडावलेल्या छंदिष्टांचा प्रश्न आहे असं वाटत असेल, तर तुळशीच्या लग्नाआधीचे दिवस आठवा. भांडुप-मुलुंडकडचा एखादा मुलगा लगीनसराईच्या तोंडावर पन्नास-साठ हजारांचा जुना कॅमेरा उसनवारी करून घेतो. त्याच्यासाठी तो धंद्याचा श्रीगणेशा असतो. ऐन मांडवात शटर बसलं, तर बदलण्याचा खर्च कुठूनतरी उभा राहील. पण सप्तपदी पुन्हा घेता येत नाही, आणि त्या घराण्यातून त्याला पुन्हा कोणी बोलावत नाही.

त्याने पैसे मोजून घेतलेल्या यंत्रात तो आकडा आहेच. कंपन्यांनी पुढच्या फर्मवेअर अपडेटमध्ये मेनूत एक ओळ वाढवावी. ती येईपर्यंत जुना कॅमेरा घेणाऱ्या प्रत्येकाने कार्डावरची मूळ फाइल मागावी, आणि विकणाऱ्याने ती न मागता द्यावी.