खेळ पोरांचा, मैदान कंपनीचे

व्हिडिओ गेमचा विषय निघाला की आपल्या घरांतून एकच वाक्य ऐकू येते, "ठेव तो मोबाईल आणि अभ्यासाला बस." त्यावर मुलांचे उत्तरही आता तयार असते. "यातसुद्धा करिअर आहे. टीव्हीवर लीग दाखवतात. लाखांची बक्षिसे असतात." मुले खोटे बोलत नाहीत. पण ती अर्धे सांगतात, कारण त्यांना अर्धेच दाखवले जाते. उरलेले अर्धे आईबापांनी समजून घ्यावे, म्हणून आज हा विषय घेत आहोत.

टीव्हीवरच्या या लीगचा धंदा खऱ्या अर्थाने उभा राहिला तो दक्षिण कोरियात. १९९७ साली त्या देशावर मोठे आर्थिक संकट कोसळले. कंपन्या बुडाल्या, लाखो लोकांच्या नोकऱ्या गेल्या, सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे कर्जासाठी हात पसरावे लागले. त्याच सुमारास सरकारने वेगवान इंटरनेटचे जाळे देशभर पसरवायला घेतले. नोकरी गेलेल्या अनेकांनी गाठीच्या पैशांत संगणकाची दुकाने थाटली. तिथे त्यांना 'पीसी बांग' म्हणतात. बांग म्हणजे खोली. तासाला थोडे पैसे द्यायचे आणि खेळत बसायचे. १९९८ मध्ये अमेरिकेच्या ब्लिझर्ड कंपनीचा 'स्टारक्राफ्ट' हा लढाईचा गेम आला आणि या खोल्या तरुणांनी भरून गेल्या.

१९९९ मध्ये एका कार्टून चॅनेलने या गेमचे सामने दाखवले. लोक बघतात हे कळताच २००० साली 'ऑनगेमनेट' हे केवळ गेमचे चॅनेल निघाले. त्याच वर्षी खेळाडूंची नोंदणी आणि नियम पाहणारी संघटनाही स्थापन झाली. सॅमसंग, एसके टेलिकॉम अशा बड्या कंपन्यांनी पुढे आपले संघ बाळगले. २००४ मध्ये बुसान शहरातील समुद्रकिनाऱ्यावर लीगचा अंतिम सामना झाला, तेव्हा १ लाख लोक जमल्याचे आयोजकांनी सांगितले. लिम यो-ह्वान हा खेळाडू तर सिनेनटासारखा गाजला. तिथे तरुणांना सक्तीची लष्करी सेवा करावी लागते. तो २००६ मध्ये हवाई दलात गेला आणि २००७ मध्ये हवाई दलाने स्वतःचा गेमचा संघच काढला!

वाचक बंधू-भगिनींनो, इथपर्यंतची गोष्ट मुलांना ठाऊक असते. आम्ही पडलो कारकून. जमेची बाजू दाखवली की खर्चाची बाजू कुठे आहे, हे विचारायची आम्हांला सवय. तेव्हा तीही पाहू.

संघातली पोरे एका घरात एकत्र राहत. दिवसाला दहा-बारा तास सराव. पंचविशी आली की खेळाडू म्हातारा समजला जाई, कारण बोटांचा वेग कमी होतो. नामांकित खेळाडूंना मोठे पगार होते, पण त्यांच्या मागे बसून सराव करणाऱ्या कित्येक शिकाऊ पोरांना जेवण आणि झोपायची जागा यापलीकडे फारसे काही मिळत नसे. आणि जिथे पैसा आणि स्पर्धा एकत्र येतात तिथे सट्टेबाज येतोच. २०१० मध्ये पैसे घेऊन सामने हरल्याचे प्रकरण उघड झाले. ११ खेळाडूंवर आजन्म बंदी आली. त्यात अगदी नावाजलेले खेळाडूही होते.

पण सर्वांत मोठी गोष्ट पुढेच आहे. कबड्डीचा मालक कोण? कोणी नाही. चार रेषा आखल्या की कोणीही खेळू शकतो. व्हिडिओ गेमला मात्र मालक असतो. कोरियातल्या संघटनेने २००७ मध्ये सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क चॅनेलना विकले. गेम बनवणाऱ्या कंपनीने म्हटले, आमचा गेम आणि हक्क विकणारे तुम्ही कोण? २०१० मध्ये तिने ते हक्क तिसऱ्यालाच दिले आणि एका चॅनेलला कोर्टात खेचले. २०११ मध्ये तडजोड झाली. या भांडणात रात्रंदिवस बोटे झिजवणाऱ्या खेळाडूंना मात्र कोणी विचारले नाही.

पुढे लोकांची आवड बदलली. २०१२ मध्ये 'एमबीसी गेम' हे चॅनेल बंद होऊन त्या जागी गाण्यांचे चॅनेल आले. २०१६ मध्ये ती जुनी लीगही थांबली. दुसऱ्या कंपनीचा 'लीग ऑफ लेजंड्स' हा गेम पुढे आला. त्यात ली सांग-ह्योक, म्हणजेच 'फेकर', याने शाळा सोडून २०१३ मध्ये पहिले जगज्जेतेपद मिळवले आणि २०२५ पर्यंत अशी सहा पदे जिंकली. त्याच्या कष्टांना आमचा मुजरा. पण तो एक आहे. लॉटरी लागलेल्याचा फोटो छापतात, तिकीट फाडून टाकणाऱ्यांचा छापत नाहीत.

आपल्याकडेही हेच दिसले. क्राफ्टन या कोरियन कंपनीच्या 'बीजीएमआय' या गेमची दीड कोटी रुपये बक्षिसांची स्पर्धा २०२२ च्या जून-जुलैत स्टार स्पोर्ट्सवर दाखवली गेली. त्याच जुलैच्या अखेरीस सरकारी आदेशाने तो गेमच मोबाईलच्या दुकानांतून काढला गेला. जवळजवळ दहा महिन्यांनी, मे २०२३ मध्ये, तो परतला. तोवर त्यावर पोट अवलंबून असणाऱ्यांनी काय करायचे? क्रिकेटरचे मैदान असे एका रात्रीत नाहीसे होत नाही.

म्हणून आईबापांना आमचे सांगणे आहे. मुलाला मारू नका, त्याची चेष्टाही करू नका. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाखाली जागा दिली आहे, हे खरे आहे. पण पैसे लावून खेळायचे ऑनलाईन गेम वेगळे. त्यांवर २०२५ च्या कायद्याने बंदी घातली आहे. मुलाचा गेम पैसे लावायला सांगत असेल तर तो खेळ नव्हे, जुगार आहे.

कोणी संघात घेतो म्हणाला तर चार गोष्टी विचारा. महिन्याचा पगार किती? बक्षिसातला वाटा किती? करार किती वर्षांचा, आणि मध्येच सोडला तर दंड किती? गेम बंद पडला तर पगाराचे काय? अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार आपल्या कायद्यात टिकत नाही, म्हणून सही तुमची मागतील. कागद इंग्रजीत असेल तर जाणत्या माणसाकडून ओळ न् ओळ वाचून घ्या. घाई करणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

आणि शाळा सोडू देऊ नका. याच धंद्यात गेम बनवणारे, कॅमेरा चालवणारे, सामन्याचे वर्णन करणारे, हिशेब ठेवणारेही लागतात. त्यांचे काम पंचविशीला संपत नाही. मुलाला गेमची एवढी ओढ असेल, तर तो कसा बनतो हे शिकायची ओढ लावून पाहा. आज खेळणारा पोर उद्या मैदानाचा मालक का होऊ नये?