विश्लेषण : रान उभे ठेवण्याचे पैसे कुणाला आणि कसे द्यायचे?

कोकणात पाऊस संपला की लाकूड व्यापारी वाड्यांवर फिरू लागतात. ‘तोड आम्ही करतो, तुम्ही एकरकमी रोख घ्या’, इतका साधा व्यवहार. घरात लग्न, दवाखाना किंवा मुलाची फी यांपैकी काहीतरी असतेच. मग वर्षानुवर्षे वाढलेले रान काही दिवसांत सरपण होऊन ट्रकमध्ये चढते. मालकाला दोष देणे सोपे आहे. पण रान राखायचे त्याला कुणी काय दिले?

कल्पना काय आहे?

जंगल पाणी मुरवते, माती धरते, कार्बन साठवते. फायदा खालच्या गावाला आणि दूरच्या शहरालाही होतो, उत्पन्न बुडते ते मालकाचे. ही भरपाई म्हणजे ‘परिसंस्था सेवांचा मोबदला’. रत्नागिरी-सिंधुदुर्गात हा विषय जास्त महत्त्वाचा, कारण इथले बरेचसे जंगल वनखात्याचे नाही, लोकांच्या सातबाऱ्यावरचे आहे.

इतरत्र काय घडले?

कोस्टारिकाने 1997 पासून इंधनावरच्या कराचा काही वाटा जंगलमालकांना द्यायला सुरुवात केली. पण सुरुवातीला कागदपत्रे नीट असलेले मोठे जमीनदारच पुढे आले. पुढे 50 हेक्टरपेक्षा लहान मालकांना निवडीत जादा गुण द्यावे लागले.

युगांडातला प्रयोग आपल्याला जास्त जवळचा. तिथे 121 गावांपैकी 60 गावांतील खासगी वनमालकांना झाडे न तोडण्यासाठी हेक्टरी वर्षाला 70 हजार युगांडन शिलिंग देऊ केले, म्हणजे तेव्हाचे सुमारे 28 डॉलर. 2017 मध्ये ‘सायन्स’मध्ये निकाल आला. दोन वर्षांत इतर गावांतील वृक्षाच्छादन 9.1 टक्क्यांनी घटले, या गावांत 4.2 टक्क्यांनी. घट थांबली नाही, निम्म्यावर आली. तेही पात्र मालकांपैकी जेमतेम एकतृतीयांश सहभागी झालेले असताना.

पळवाट कुठे असते?

मालक ज्या तुकड्याला हात लावणारच नव्हता, तोच योजनेत देतो आणि दुसरा तोडतो. पैसे गेले, जंगलही गेले. मेक्सिकोच्या लाकांडोन जंगलात संशोधकांनी काही मालकांना ‘द्यायचे तर सगळे जंगल द्या’ ही अट घातली, तेव्हा तोड बरीच कमी झाली. (मी इंजिनीअरिंग केले आहे, एका ओळीच्या बदलाने सगळी प्रणाली सुधारलेली पाहून बरे वाटते.)

कोकणात गाठ कुठे?

सातबाऱ्यावर. एका डोंगरावर आजोबांपासूनची नावे, निम्मे वारस मुंबईत, काही हयात नाहीत, वाटण्या तोंडी. योजनेने सगळ्यांच्या सह्या मागितल्या तर अर्ज टेबलावरच मरेल. एकाच्या सहीवर पैसे दिले तर भाऊबंदकी पेटेल. माझ्या मते गावात राहून रान सांभाळणाऱ्याच्या नावे करार करावा, इतर हिस्सेदारांना हरकतीसाठी मुदत द्यावी आणि वादातला हिस्सा वाद मिटेपर्यंत बाजूला ठेवावा. हे किचकट आहे, पण हा प्रश्न न सोडवता काढलेली योजना पुन्हा मोठ्या बागायतदारांकडेच जाईल.

इथे कुणी करून पाहिले का?

पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन संगमेश्वर भागात खासगी वनमालकांशी संवर्धन करार करते. बेहड्याच्या जुन्या झाडांवर धनेश घरटी करतो. त्याच झाडांची फळे शाश्वत संकलनाचे ‘फेअरवाइल्ड’ प्रमाणपत्र घेऊन विकली जातात. झाड उभे राहून कमाई देते. पण एका संस्थेच्या बळावर दोन जिल्हे झाकले जाणार नाहीत.

पैसा आहे का?

प्रकल्पासाठी वनजमीन वळवायची तर केंद्राच्या 2022 च्या दरांनुसार हेक्टरी सुमारे सोळा लाख रुपयांपर्यंत ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरावे लागते. म्हणजे जंगल गमावण्याची किंमत सरकारने ठरवून ठेवली आहे. ते राखणाऱ्या खातेदारासाठी मात्र असा दरच नाही. निदान या निधीचा काही वाटा त्याच्याकडे वळवण्याची कायदेशीर वाट राज्याने शोधायला हवी.

आणि हप्ता मार्चअखेरीस येऊन उपयोग नाही. व्यापारी दिवाळीच्या आसपास दारात येतो; पैसे त्याच्या आधी खात्यात पडले पाहिजेत.