तेवढ्या पैशात उमरा झाला असता

आम्ही भूमध्य समुद्रातल्या क्रूझला चाललोय ही बातमी मोहल्ल्यात फुटली, तेव्हा शेजारच्या खालांनी सर्वांत आधी विचारलं, "किती पडले?" मी आकडा जरा कमीच करून सांगितला. तरी उत्तर आलंच : "तेवढ्या पैशात उमरा झाला असता, बेटा."

पुढच्या पंधरा दिवसांत हे वाक्य मी निदान दहा तोंडांतून ऐकलं. शाळेच्या स्टाफरूममध्ये ऐकलं, एका वलीम्यात जेवताना ऐकलं. त्या वलीम्यात तीन प्रकारचं गोड होतं आणि मांडव एवढा मोठा की बल्लारशा रोडवरून दिसावा. 'तेवढ्या पैशात दोन मुलींची फी भरली असती' असं तिथे कुणी म्हणालं नाही. लग्नातल्या खर्चाला आपल्याकडे हिशेब लागत नाही. हिशेब लागतो तो बाई समुद्र पाहायला निघाली की.

उत्तर तसं सोपं आहे. हज फर्ज आहे, ऐपत असेल त्याच्यावर. उमरा हनफी मतानुसार सुन्नत. दोन्हींबद्दल मनात आदर आहे आणि इच्छाही आहे. पण फिरणं हा गुन्हा आहे असं मला कुठेच वाचायला मिळालं नाही. उलट जमिनीवर फिरा आणि पाहा, असं कुरआनात एकापेक्षा अधिक ठिकाणी सांगितलंय. उधळपट्टीला, इसराफला, मनाई आहे. ती मनाई मांडवालाही लागू होते आणि जहाजालाही. आम्ही कर्ज काढलं नाही. शिक्षक पतसंस्थेतली ठेव मोडली. कर्ज काढून क्रूझला जाणार असाल तर माझं मत विचारू नका. मी खालांच्या बाजूने बोलेन.

खरं तर आमच्या घरात जहाज नवीन नाही. माझे नाना बल्लारशाच्या लाकूड डेपोत मुनीम होते. 1978 साली ते मुंबईहून 'अकबर' जहाजाने हजला गेले. मुगल लाइनची जहाजं तेव्हा मुंबई ते जेद्दा हाजी नेत असत. ती वाट 1995 मध्ये बंद झाली आणि सगळेच हाजी विमानाने जाऊ लागले. नानांनी मरेपर्यंत त्या प्रवासाच्या गोष्टी सांगितल्या. काब्याबद्दल बोलताना ते गप्प व्हायचे, डोळे भरायचे. पण आम्हा पोरांना त्यांनी हजारदा रंगवून सांगितलं ते उडणाऱ्या माशांबद्दल. पाण्यातून चांदीच्या पात्यासारखे उसळतात म्हणे, आणि पुन्हा आत. यलमलमची सीमा जवळ आली की भोंगा वाजायचा, सगळे एहराम बांधायचे; त्या गडबडीतही नाना कठड्याशी मासे बघत उभे होते आणि नानीने त्यांना ओढत आत नेलं. जंगलातला माणूस पहिल्यांदा समुद्र बघत होता. त्याचा हज त्यामुळे कमी झाला का?

आता क्रूझबद्दल, कारण बऱ्याच बहिणींनी फोन करून नेमकं तेच विचारलं.

आमची फेरी सात रात्रींची होती. बार्सिलोनाहून निघून मार्सेय, जिनोआ, चिवितावेक्किया, पालेर्मो, माल्टाचं व्हॅलेटा, मग एक पूर्ण दिवस पाण्यावर आणि परत बार्सिलोना. शेंगेन व्हिसा लागतो. अर्जाची फी 90 युरो, शिवाय तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा. बोटांचे ठसे द्यायला आम्ही मुंबई गाठली. जहाज मध्येच तुर्कस्तानात किंवा ट्युनिशियात जाणार असेल, तर पुन्हा आत येण्याची परवानगी असलेला, म्हणजे मल्टिपल एंट्रीचा व्हिसाच घ्या. जाहिरातीतल्या आकड्यावर जाऊ नका. त्यात विमान नसतं, रोजचा सेवाशुल्क बहुधा नसतो, इंटरनेट नसतं, बंदरावरच्या सहली नसतात. आमचा अखेरचा आकडा जाहिरातीच्या जवळजवळ दुप्पट झाला. सर्वांत स्वस्त खोलीला खिडकी नसते. आम्ही तीच घेतली. दिवा मालवला की दिवस आहे की रात्र ते कळत नाही. फजर मोबाइलच्या भरवशावर.

जेवणाचं स्पष्ट सांगते. बहुतेक जहाजांवर हलाल मांसाची हमी मिळत नाही. बुफेत डुकराचं मांस असतं, रश्शात वाइन असू शकते, आणि लोक एका भांड्यातला डाव दुसऱ्यात घालतात. बुकिंग करतानाच लिहून कळवा, आणि पहिल्याच संध्याकाळी मुख्य वाढप्याला भेटा. आम्ही सात दिवस मासे, अंडी, भाजी, फळं आणि अमाप पाव खाल्ला. कुणी उपाशी मेलं नाही. दारू सगळीकडे आहे, जुगारखानाही आहे. कुणी हात धरून नेत नाही. आपल्या बाजारातूनही आपण दारूच्या दुकानासमोरून जातोच की. आणि हो, घरून प्लास्टिकचा एक मग न्या. का ते विचारू नका, तिथे गेल्यावर मला दुआ द्याल.

नमाजेची गंमत वेगळी. चंद्रपुरात किब्ला पश्चिमेला. जन्मभर मावळतीकडे तोंड करून नमाज पढलेल्या बाईला तिथे उगवतीच्या अंगाला, आग्नेयेकडे वळायचं होतं. त्यात जहाजही वळतं. खोलीतल्या टीव्हीवर नकाशा दिसायचा, त्यावरून मिस्टर अंदाज बांधायचे आणि मी होकायंत्र बघून त्यांना चूक ठरवायची. तिसऱ्या दिवशी आमची खोली आवरणाऱ्या इंडोनेशियन मुलाने जानमाज पाहिली आणि सलाम केला. त्याचा करार नऊ महिन्यांचा होता. घरी सहा महिन्यांची मुलगी, तिला त्याने अजून पाहिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तो दारातूनच हाताने दिशा दाखवून जायचा. जहाजावर हजारो माणसं खातात, पितात, नाचतात. पण खालच्या मजल्यांवर कोण राबतं, ते कुठल्याच जाहिरातीत नसतं. हेही तुम्हाला दिसेल, आणि दिसल्यावर मजा थोडी कमी होईल. होऊ द्या.

जहाजाचं मला फारसं कौतुक वाटलं नाही. तो एक तरंगता मॉल आहे. पण पालेर्मोसाठी मी पुन्हा जाईन.

तिथल्या मोठ्या चर्चच्या दक्षिण दरवाजाशी एका खांबावर कुरआनातली आयत कोरलेली आहे. त्या जागी पूर्वी मशीद होती. मी उर्दू शिकवणारी बाई, त्या खांबासमोर बोट फिरवत अक्षरं लावत उभी राहिले. जवळच्या राजवाड्यातल्या प्रार्थनागृहाचं लाकडी छत तर कूफी लिपीने भरलेलं आहे, आणि ते करवून घेतलं एका ख्रिस्ती राजाने, दुसऱ्या रॉजरने. याच राजासाठी अल-इद्रीसीने 1154 मध्ये जगाचा नकाशा पुरा केला. इब्न जुबैर हा ग्रॅनडाचा लेखक 1183 मध्ये हजसाठी जिनोआच्या ख्रिस्ती खलाशांच्या जहाजातून निघाला, आणि परतताना सिसिलीच्या किनाऱ्यावर त्याचं जहाज फुटलं. नाताळात तो पालेर्मोत होता. तिथल्या ख्रिस्ती बायका मुसलमान बायकांसारखे कपडे घालतात, असं त्याने आश्चर्याने लिहून ठेवलंय. हजचा प्रवास होता, पण त्या माणसाने वाटेतलं बाजारहाट, फळफळावळ, चर्च, राजा, सगळं डोळे भरून पाहिलं आणि लिहिलं. नानांची आठवण आली. त्यांना लिहिता येत होतं, तरी त्यांनी लिहिलं नाही.

माल्टात तर मी वर्गच भरवला असता. तिथले लोक कॅथलिक, पण भाषा अरबीची नातलग. पावाला 'होब्झ' म्हणतात, आपल्या अरबीतला खुब्ज. देवाला 'अल्ला' म्हणतात. ईस्टरपूर्वीच्या उपवासांच्या दिवसांना 'रान्दान', आणि ईस्टरचं नावही आपल्या ईदच्याच मुळातलं. चर्चमध्ये म्हातारी बाई 'अल्ला' म्हणत होती. आपल्याकडे भाषेवरून माणसाचा धर्म ओळखणारे आणि धर्मावरून भाषा ठरवणारे खूप झालेत. 'तुम्ही मुसलमान असून मराठी इतकं छान कसं बोलता?' हे मी बावीस वर्षं ऐकतेय. त्यांना एकदा व्हॅलेटाच्या बेकरीत उभं करायला हवं.

एक गोष्ट मात्र टोचली. प्रत्येक बंदरात मिळतात सहा-आठ तास. चिवितावेक्कियाहून रोम ऐंशीएक किलोमीटर. जाणंयेणं वजा केलं तर हातात उरतं काय? आम्ही रोममध्ये पळालो, फोटो काढले, निघण्याच्या तासभर आधी जहाजावर परत. उशीर झाला तर जहाज थांबत नाही. हे कुठेतरी पाहिलंय असं सारखं वाटत होतं. मग आठवलं : मोहर्लीचं गेट.

ताडोबाला येणारा पर्यटक नागपूरला उतरतो, रिसॉर्टवर झोपतो, पहाटे जिप्सीत बसतो, वाघ पाहतो आणि जातो. चंद्रपूरच्या गोंड राजांचा परकोट, जटपुरा गेट, अंचलेश्वराचं देऊळ त्याला माहीत नसतं. त्याच वाघाच्या जंगलात मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या बाया परत येत नाहीत, तेही त्याच्या फोटोत येत नाही. आम्हाला त्याचा राग येतो. 2024 च्या जुलैत बार्सिलोनाच्या लोकांनी पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या, तेव्हा इथे आम्ही हसलो होतो. आता त्याच रस्त्यावरून मी पिशवी सांभाळत चालत होते. व्हेनिसने 2021 मध्ये मोठी जहाजं शहराच्या मुख्य कालव्यातून हटवली, ते का, हे मला सहा तासांच्या रोमने शिकवलं. गावाचं पोट त्यावर चालतं हे खरं, मोहर्लीचे गाइड आणि जिप्सीवालेही तेच सांगतील. पण पाहुणा जरा थांबला, पायी चालला, गावातल्या हॉटेलात जेवला, तर फरक पडतो. म्हणून माझा सल्ला असा की क्रूझला जायचंच असेल तर सुरुवातीच्या किंवा शेवटच्या शहरात तीन दिवस वेगळे काढा. आम्ही काढले नाहीत. चुकलं.

परत आल्यावर खाला भेटायला आल्या. मी त्यांना माल्टाची खारकेची मिठाई दिली. त्यांनी ती हुंगली, खाल्ली, पुन्हा एकदा उमऱ्याचं ऐकवलं. मग मिस्टर नमाजेला गेल्यावर हळूच विचारलं, "समुद्राचा वास कसा असतो गं?" खालांचं वय त्रेसष्ट. वडसा हे त्यांचं माहेर, चंद्रपूर सासर, नागपूर दवाखान्यासाठी. याच्यापलीकडे त्या गेलेल्या नाहीत. मी म्हटलं, मुंबईहून गोव्यालाही क्रूझ जाते, दोन-तीन रात्रींची. पासपोर्ट लागत नाही, पावसाळा तेवढा टाळायचा.

"किती पडतात?"

मी या वेळी आकडा खरा सांगितला. त्या बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत होत्या. मी म्हटलं, खाला, आधी आधार कार्डावरची जन्मतारीख नीट करून घ्या, त्यात तुम्ही तुमच्या मुलापेक्षा चारच वर्षांनी मोठ्या आहात.