आधार कार्डावर खेळ लिहिलेला नसतो

तूर निघाली, हरभरा घरात आला, की वलगावपासून परतवाड्यापर्यंतच्या रस्त्यावर टेनिस बॉल क्रिकेटचे फ्लेक्स लागू लागतात. वर पुढाऱ्यांचे फोटो, मध्ये पहिल्या बक्षिसाचा मोठा आकडा, खाली बारीक अक्षरांत नियम. त्या नियमांत एक ओळ हमखास भांडणाची असते : ‘बाहेरचे खेळाडू चालणार नाहीत, आधार कार्ड सोबत आणावे.’ जिथे ही ओळ नाही तिथे दुसरंच होतं. संघाचं नाव गावाचं, टी-शर्टवर गावाचं नाव, आणि मैदानात मॅचमागे पैसे ठरवून आणलेले पाच-सहा तयार खेळाडू. गावातली पोरं सीमारेषेबाहेर बसून टाळ्या वाजवतात, पाण्याच्या बाटल्या नेतात. माझ्या वर्गातल्या एका मुलाने हे एका वाक्यात सांगितलं होतं : “सर, टीम गावाची हाये, पन खेयनारे गावाचे नाही.”

त्याची तक्रार खरी आहे. पण तिच्यावर आपण जो इलाज शोधला, तो आधार कार्डाचा, तो मला चुकीचा वाटतो. आधार कार्ड माणसाचं गाव सांगतं. तो बॉल किती वेगाने टाकतो, हे सांगत नाही. गावातलाच एखादा मुलगा विद्यापीठाकडून खेळून आला असेल, तर त्याच्यापुढे नववीतल्या पोराचं जे व्हायचं तेच होणार. उलट शेजारच्या गावातून मामाकडे राहायला आलेला, जेमतेम बॅट धरता येणारा मुलगा मात्र ‘बाहेरचा’ म्हणून घरी जातो. प्रश्न पातळीचा आहे आणि आपण चौकशी पत्त्याची करतो. कोण आपला, कोण बाहेरचा, हे कागद बघून ठरवण्याची सवय आधीच पुष्कळ वाढली आहे. ती खेळाच्या मैदानावर तरी नको.

मग ‘फक्त हौशी खेळाडू’ असं लिहावं का? तो शब्दही आपल्याला पुरत नाही. हौशी म्हणजे पैसे न घेणारा, कच्चा खेळणारा नव्हे. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 आणि 1964 साली बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. ती स्पर्धा ‘अमॅच्युअर’, म्हणजे हौशी खेळाडूंचीच होती. भारताच्या कबड्डी महासंघाच्या नावातही ‘अमॅच्युअर’ हा शब्द आहे, आणि देशाचा संघ त्याच महासंघाने घडवला. तेव्हा कोण पैसे घेतो यावरूनही पातळी कळत नाही.

टेबलावरच्या पूल या खेळात अमेरिकेतल्या हौशी लीगनी हा गुंता वेगळ्या पद्धतीने सोडवला. तिथल्या मोठ्या पूल संघटनेत, एपीएमध्ये, एट-बॉल खेळणाऱ्या प्रत्येकाला 2 ते 7 अशी पातळी दिली जाते. वरच्या पातळीच्या खेळाडूला जिंकायला जास्त गेम घ्यावे लागतात, खालच्याला कमी. शिवाय एका लढतीत उतरणाऱ्या पाच जणांच्या पातळ्यांची बेरीज 23 च्या पुढे जाता कामा नये. म्हणजे एक-दोन उस्ताद घ्या, पण मग बाकीचे नवशिके घ्यावेच लागतील. पट्टीचा खेळाडू बाहेर हाकलला जात नाही आणि नवशिक्याला संघात जागा मिळते.

अर्थात तिथेही चलाखी आहेच. काही जण मुद्दाम सोपे फटके चुकवतात, साध्या लढती हरतात, म्हणजे पातळी खालची राहते. मग बक्षिसाच्या दिवशी खरा खेळ बाहेर काढतात. याला ते सँडबॅगिंग म्हणतात. आपल्याकडे हीच गोष्ट दुसऱ्याच्या नावावर खेळून होते. दोन्हींत चोरी एकच, आपलं खरं माप लपवण्याची. कुरआनमध्ये ‘अल-मुतफ्फिफीन’ नावाची एक पूर्ण सूरह मापात खोट करणाऱ्यांच्या नावाने आहे. घेताना पुरेपूर घेणारे आणि देताना कमी मोजून देणारे, यांना तिथे कडक इशारा आहे. आपण तो किराणा दुकानदारापुरता वाचतो. मला तो या खेळाडूलाही आणि त्याला आणणाऱ्या कॅप्टनलाही लागू वाटतो.

माप उघड ठेवून शर्यत कशी लावायची, याचं उदाहरणही आपल्या परंपरेत आहे. सहीह बुखारीत हजरत अब्दुल्लाह इब्ने उमर यांची रिवायत आहे. मदिन्यात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी घोड्यांच्या शर्यती लावल्या, त्या दोन वेगवेगळ्या. खास खुराक आणि मेहनत देऊन शर्यतीसाठी तयार केलेल्या घोड्यांची शर्यत हफयापासून सनिय्यतुल वदापर्यंत, पाच-सहा मैलांची. तयार न केलेल्या घोड्यांची सनिय्यतुल वदापासून बनी जुरैकच्या मशिदीपर्यंत, साधारण एका मैलाची. इब्ने उमर स्वतः या शर्यतींत उतरले होते. घोडा कोणत्या कबिल्याचा यावर इथे वाटणी केलेली नाही. तो तयार केलेला आहे की नाही, यावर केलेली आहे.

आपल्या मातीतली दंगलही हेच सांगते. जत्रेतल्या कुस्त्या रेवड्यांपासून सुरू होतात. लहान पोरांना मूठभर रेवड्या, मग नारळ, मग चढत्या इनामाच्या कुस्त्या आणि शेवटी मानाची. पंच वय बघतात, वजन बघतात, अंग बघतात आणि जोड लावतात. पैलवान दुरून आला म्हणून कोणी नाक मुरडत नाही, उलट त्याला बघायलाच गर्दी होते. पण तो नामांकित पैलवान रेवड्यांच्या कुस्तीला उतरला, तर लोक हसतील आणि त्याचा वस्तादही मान खाली घालेल. मुशायऱ्यातही नवे शायर आधी वाचतात, उस्ताद शेवटी. उस्तादांना कोणी रोखत नाही, त्यांची वेळ ठरलेली असते.

‘मोठ्यांशी खेळल्याशिवाय पोरं शिकणार कशी?’ असं आयोजक विचारतात. बरोबर आहे, पण त्यासाठी आधी खेळायला तर मिळालं पाहिजे. पाण्याची बाटली नेऊन यॉर्कर खेळता येत नाही.

पैसे घेऊन खेळणाऱ्याला मी दोष देत नाही. हंगामभर गावोगाव फिरून तो घरखर्चाला हातभार लावतो आणि ती त्याच्या मेहनतीची कमाई आहे. उमेश यादव हा नागपूरजवळच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. टेनिस बॉलवरच खेळत मोठा झाला, 2008 मध्ये विदर्भाकडून रणजी खेळला आणि 2011 मध्ये भारताकडून कसोटी. अशा हाताला मैदान हवंच. फक्त ते कोणतं, हे फ्लेक्सवर स्वच्छ लिहिलेलं हवं.

म्हणून आयोजकांना माझं सांगणं साधं आहे. ‘ओपन’ स्पर्धा जरूर घ्या, मोठं बक्षीस ठेवा, लांबून खेळाडू बोलवा, आम्हीही बघायला येऊ. पण गावाच्या नावाची स्पर्धा असेल तर आधार कार्डाऐवजी पातळी विचारा. प्रत्येक खेळाडूला एक ते पाच गुण द्या. वेगवेगळ्या गावांतले तीन जुने खेळाडू बसवा, त्यांना कोण किती पाण्यात आहे हे दोन ओव्हरमध्ये कळतं. अकरा जणांच्या बेरजेला मर्यादा घाला. दुसऱ्याच्या नावावर कोणी खेळला तर त्याच्याबरोबर त्याला आणणारा संघही स्पर्धेबाहेर काढा. आणि दुपारचा एक तास सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी ठेवा, त्यांनाही रेवड्यांएवढं का होईना, बक्षीस द्या.

याला खर्च काही नाही. स्टेजवरच्या एका हाराच्या पैशांत पोरांचे बॉल येतात. मैदान बहुतेक वेळा शाळेचंच असतं, आणि शाळेच्या मैदानावर त्या शाळेतल्या मुलांनाच खेळायला मिळत नसेल, तर आपण स्पर्धा कोणासाठी भरवतो? दोन-तीन हंगाम नुसतं बाहेर बसलेला मुलगा चौथ्या हंगामाला येत नाही. तो पानटपरीवर मोबाईल घेऊन बसलेला असतो आणि ‘आजकालची पोरं मैदानावर येत नाहीत’ असं आपणच बोलत असतो.